'पूर्वेचं ऑक्सफर्ड' कुणी म्हटलं? पुण्यातल्या शिक्षणसंस्थांना खुलं पत्र

प्रति,
पुणे शहर व परिसरातील सर्व विद्यापीठं आणि महाविद्यालयांचे प्रकाशन व जनसंपर्क विभाग,
तसंच माहितीपुस्तिकांवर ज्यांची सही असते ते सर्व सन्माननीय कुलगुरू आणि प्राचार्य

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या प्रवेशांच्या वेळी पुण्यातल्या एका संस्थेची माहितीपुस्तिका माझ्या घरी आली. जाड गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर दगडी कमानीचं छायाचित्र, आणि त्याच्या खाली केशरी चौकटीत, अवतरणचिन्हं घालून एक वाक्य: पुणे हे पूर्वेचं ऑक्सफर्ड आहे. वाक्याखाली ठळक अक्षरांत पंडित जवाहरलाल नेहरूंचं नाव. तारीख नाही, ठिकाण नाही, कोणत्या भाषणातलं, कोणत्या पत्रातलं हेही नाही.

मी त्या संस्थेला रीतसर पत्र लिहून एवढंच विचारलं की या वाक्याचा आधार काय. उत्तर आलं, आणि सभ्य भाषेतच आलं. त्याचा आशय असा की हे विधान सर्वश्रुत आहे, त्याला वेगळ्या संदर्भाची गरज नाही, आणि पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेतही ते तसंच ठेवायचं ठरलं आहे. संस्थेचं नाव मी इथे घेत नाही, कारण प्रश्न तिच्या एकटीचा नाही. हेच वाक्य, याच थाटात, तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या पुस्तिकांत, स्वागत समारंभांच्या भाषणांत आणि परिषदांच्या निमंत्रणपत्रिकांत वर्षानुवर्षं छापलं जातं आहे. 'सर्वश्रुत आहे' हे उत्तर मात्र मला निमूटपणे गिळता आलं नाही. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

मी कोण, हे आधी सांगते. मी इतिहासाची निवृत्त प्राध्यापिका आहे. पुणे विद्यापीठातून एम.ए. झाले आणि पुढची सगळी नोकरी नाशिक जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात केली. जयकर ग्रंथालयाच्या लांबलचक टेबलांवर बसून मी जे शिकले त्यावर माझं आयुष्य उभं आहे. तिथे पहिला धडा मिळाला तो हाच: कोणी म्हटलं, कधी म्हटलं, कुठे म्हटलं आणि ते आपल्यापर्यंत कोणत्या कागदानं पोचलं, या चार प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय कोणतंही विधान पुरावा म्हणून वापरायचं नाही. हाच धडा मी पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना दिला. तो देणाऱ्या शहरातच तो पहिल्या पानावर मोडला जातो, याचं मला मनापासून दुःख होतं.

आता मुद्द्यावर येते.

पहिली गोष्ट अशी की 'पूर्वेचं ऑक्सफर्ड' हे बिरुद एकट्या पुण्याचं नाही. अलाहाबादला, म्हणजे आजच्या प्रयागराजला, जा. तिथल्या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी हेच बिरुद स्वतःचं म्हणून सांगतात. ते विद्यापीठ 1887 साली स्थापन झालं, म्युर सेंट्रल कॉलेजच्या भोवती वाढलं, आणि 1921च्या कायद्यानं त्याची पुनर्रचना होऊन ते निवासी, प्रत्यक्ष अध्यापन करणारं विद्यापीठ बनलं. वसतिगृहं आणि विद्यापीठ यांचं तिथे जे नातं होतं ते ऑक्सफर्डच्या घडणीच्या जवळ जाणारं होतं. ढाक्याला जा. 1 जुलै 1921 रोजी सुरू झालेलं ढाका विद्यापीठ तर पहिल्यापासून निवासी म्हणूनच आखलेलं. ढाका हॉल, जगन्नाथ हॉल आणि सलीमुल्ला मुस्लिम हॉल या तीन हॉलांभोवती विद्यार्थी आणि अध्यापक यांची रचना केलेली. सत्येंद्रनाथ बोस यांनी 1924 साली ज्या शोधनिबंधानं आइन्स्टाइनचं लक्ष वेधलं तो त्यांनी ढाक्यातूनच पाठवला. बांगलादेशातला कोणताही शिकलेला माणूस तुम्हाला सांगेल की पूर्वेचं ऑक्सफर्ड म्हणजे ढाका. तमिळनाडूतल्या पाळयंकोट्टईला 'दक्षिण भारताचं ऑक्सफर्ड' म्हणतात, ते निराळंच.

याचा अर्थ पुण्याचा दावा खोटा असा नाही. अर्थ इतकाच की हे एक फिरतं विशेषण आहे. इंग्रजी अमलात आणि त्यानंतरही, शाळा-कॉलेजांची दाटी असलेल्या गावाला ते लावलं जाई. तुमच्या पुस्तिकेत मात्र ते असं येतं की जणू साऱ्या पूर्वेतून निवड करून एका माणसानं एकट्या पुण्याला ते बहाल केलं. अठरा वर्षांची मुलं हे वाचतात. त्यांना अलाहाबाद आणि ढाका यांचं नावही त्या पानावर भेटत नाही.

दुसरी गोष्ट नेहरूंची. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळा भार या एका नावावर टाकलेला आहे.

नेहरू अलाहाबादचे. तिथेच जन्मले, तिथेच वाढले. शिकले ते ऑक्सफर्डला नाही, केंब्रिजला. 1907 ते 1910 ते ट्रिनिटी कॉलेजात होते. आपल्या जन्मगावाला जे बिरुद मिरवायला आवडतं तेच त्यांनी पुण्याला दिलं, हे अशक्य मुळीच नाही. पाहुण्यांच्या भाषणात यजमान शहराची तारीफ असतेच. पण ते घडलं असेल तर त्याची नोंद राहिल्याशिवाय राहणार नाही. पंतप्रधान पुण्यात बोलले आणि ते पुण्याच्या वर्तमानपत्रांत आलं नाही, असं होऊच शकत नाही. नेहरू 6 ऑक्टोबर 1949 रोजी खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या पायाभरणीला आले होते. 3 जानेवारी 1950 रोजी त्यांनी पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन केलं. 'केसरी' होता, 'सकाळ' होता, 'ज्ञानप्रकाश'ही तेव्हा निघत होता. नेहरूंच्या निवडक वाङ्मयाची दुसरी मालिका सप्टेंबर 1946 पासूनची भाषणं, पत्रं, टिपणं तारीखवार देते. शोधायचं म्हटलं तर कुठे शोधायचं हे इतकं स्पष्ट आहे. असं असताना ज्या ज्या पुस्तिका मी पाहिल्या त्यांतल्या एकीनंही तारीख दिलेली नाही.

शिवाय वाक्यही एकच नाही. कुठे 'पूर्वेचं ऑक्सफर्ड' आहे, कुठे 'भारताचं ऑक्सफर्ड आणि केंब्रिज' आहे. दोन्ही नेहरूंच्याच नावावर, दोन्ही अवतरणचिन्हांत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे दिसलं की तो सावध होतो. एकाच माणसाचं एकच वचन दोन रूपांत फिरत असेल आणि दोन्हींना जन्मतारीख नसेल, तर ते वचन लोकांच्या तोंडी घडत गेलं असण्याची शक्यता मोठी असते. त्यात कमीपणा काही नाही. पण मग ते लोकांच्या तोंडचं म्हणून सांगावं, त्याच्यावर पंतप्रधानांची सही चिकटवू नये.

तिसरी गोष्ट: हे बिरुद नेमकं कोणाचं? शहराचं की विद्यापीठाचं? तुमच्या मजकुरात ते सोयीनं इकडून तिकडे सरकतं. पुणे विद्यापीठाची स्थापना 10 फेब्रुवारी 1949 रोजी झाली, मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. त्याआधी डेक्कन कॉलेज, फर्ग्युसन, अभियांत्रिकी महाविद्यालय, सर परशुरामभाऊ ही सगळी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. म्हणजे बिरुद 1949च्या आधीचं असेल तर ते पुण्याच्या विद्यापीठाचं असणं शक्य नाही, आणि नंतरचं असेल तर ज्या जुन्या वैभवाकडे बोट दाखवून ते समर्थनीय ठरवलं जातं ते बहुतांशी मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली उभं राहिलेलं आहे. दोन्ही बाजूंनी काही ना काही सांगावं लागतं. आज तर कालपरवा स्थापन झालेली खासगी विद्यापीठंही, पुण्याच्या हद्दीपासून चाळीस-पन्नास किलोमीटर दूर असली तरी, हेच वाक्य छापतात. बारा जिल्हे आणि अठरा महाविद्यालयं घेऊन सुरू झालेल्या विद्यापीठातून 1962 साली कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि 1990 साली जळगावचं विद्यापीठ वेगळं झालं. पुणे, नगर, नाशिक एवढे तीन जिल्हे उरले. हा खरा, नोंदलेला इतिहास आहे, आणि आमच्या नाशिकच्या मुलांना तो माहीत नसतो. ऑक्सफर्ड मात्र माहीत असतं.

चौथी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते.

पुण्याचं नाव जगाच्या विद्वानांत कशासाठी घेतलं जातं? भांडारकर संस्थेत 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या नंतरच्या संपादकांनी 1,259 हस्तलिखितं जमवून, ओळ ओळ ताडून, मूळ काय आणि मागून घातलेलं काय हे वेगळं केलं. आपल्या सगळ्यांच्या लाडक्या किती कथा त्यांना तळटीपांत आणि परिशिष्टांत न्याव्या लागल्या! गणपतीनं महाभारत लिहून घेतल्याची कथा त्यांतलीच. गणपतीच्या शहरात बसून या माणसांनी तो निर्णय घेतला, कारण हस्तलिखितांचा कौल तसा होता. श्रद्धा दुखावेल म्हणून त्यांनी पुरावा झाकला नाही. आणि कथाही काही मेली नाही. ती परिशिष्टात आहे, कुठल्या प्रतींत आहे आणि कुठल्यांत नाही याच्या नोंदीसह.

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात 1948 सालापासून संस्कृत महाकोशाचं काम चालू आहे. प्रत्येक शब्द कोणत्या ग्रंथात आधी आला, नंतर कुठे आला, अर्थ कसा बदलला, हे उताऱ्यांनिशी दाखवणारा हा कोश. त्यासाठी जमवलेल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तिथल्या कपाटांत ओळीनं लावलेल्या आहेत. हाताच्या पंजाएवढा कागद, त्यावर शब्द, त्याचं वाक्य आणि ग्रंथातला नेमका ठिकाणा. ऑक्सफर्डचा जगप्रसिद्ध इंग्रजी कोशही याच पद्धतीनं रचला गेला. पुण्याची आणि ऑक्सफर्डची तुलना करायचीच असेल तर ती इथे होते, या चिठ्ठ्यांपाशी. आणि भारत इतिहास संशोधक मंडळ? त्याचे संस्थापक विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरं धुंडाळत फिरले ते अस्सल कागद पाहिल्याशिवाय विधान करायचं नाही या हट्टापायी.

अशा शहरात एका ओळीचा संदर्भ मागितला तर 'सर्वश्रुत आहे' असं उत्तर मिळावं? सव्वाशे वर्षांच्या या परंपरेचा तुम्ही वारसा सांगता. तिची पहिली अट पाळायला तुमच्याकडे अर्धा दिवस नाही का?

पाचवी गोष्ट मुलांची. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्य रोखण्यासाठीचे नियम 2018 साली आले. तेव्हापासून प्रबंध संगणकातून तपासून घ्यावे लागतात. दहा टक्क्यांपेक्षा जास्त मजकूर दुसरीकडे जुळला तर कारवाई होते. अवतरणाला पान क्रमांक नसेल तर मार्गदर्शक प्रबंध परत करतात, आणि ते योग्यच आहे. आता असा प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला तुम्ही पुस्तिकेच्या पहिल्या पानावर काय शिकवता? की नाव मोठं असलं की पान क्रमांक लागत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीनं आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजूषेत 'पुण्याला पूर्वेचं ऑक्सफर्ड कोणी म्हटलं?' या प्रश्नावर 'निश्चित पुरावा उपलब्ध नाही' असं उत्तर दिलं. तिचे गुण कापले. तिनं तिथल्या तिथे हात वर करून संदर्भ विचारला, तर हशा झाला. ती मुलगी त्या दिवशी सभागृहातली एकमेव इतिहासकार होती, आणि तिलाच चूक ठरवून घरी पाठवलं गेलं. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत हा प्रश्न एका गुणासाठी छापलेला असतो. लाखो मुलं तो घोकतात. त्यांच्यातला कोणी उद्या तलाठी होईल, कोणी तहसीलदार. कागद पाहून निर्णय करणं हेच त्यांचं काम असणार आहे.

यावर एक उत्तर मला नेहमी ऐकवलं जातं: एवढ्याशा गोष्टीनं काय बिघडतं, शहराचा अभिमान आहे, राहू द्या. अभिमानावर माझा आक्षेप नाही, मला स्वतःला तो आहे. पण परदेशातली उदाहरणं पाहिली की कळतं, की उगम वादग्रस्त आहे हे कबूल केल्यानं अभिमान तसूभरही कमी होत नाही. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे संघ 'हूजिअर्स' म्हणून ओळखले जातात. त्या राज्याच्या सगळ्याच लोकांना हे नाव आहे. ते आलं कुठून यावर किती मतं! कोणी म्हणतं, रात्री दार ठोठावणाऱ्याला आतून 'हूज हिअर?' म्हणजे 'कोण आहे?' असं विचारलं जायचं त्यावरून. कोणी म्हणतं, हूजिअर नावाच्या एका कंत्राटदाराच्या मजुरांवरून. कोणी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बोलीकडे बोट दाखवतं. इतिहासकार जेकब पायट डन यांनी या प्रश्नाचा अभ्यास करून 1907 साली निबंध प्रसिद्ध केला आणि एकेक मत तपासलं. वाद अजून मिटलेला नाही, आणि तिथले लोक तो हौसेनं सांगतात.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं 'टार हील्स' हे नाव तर आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळचं आहे. त्या भागात पाइनच्या झाडांपासून डांबर आणि राळ काढण्याचा धंदा मोठा होता, त्यामुळे टाचांना डांबर लागलेले ते टार हील्स, एवढं बहुतेकांना मान्य आहे. पण त्या नावाला मान मिळाला तो यादवी युद्धात जनरल ली यांनी या सैनिकांना त्याच नावानं आशीर्वाद दिला म्हणून, अशी कथा आहे. दुसरी कथा 1781 साली कॉर्नवॉलिसच्या इंग्रजी फौजेनं टार नदी ओलांडताना पायांना डांबर लागल्याची. तिथे या गोष्टी 'दंतकथा' म्हणून दिल्या जातात. मोठ्या सेनापतीचं नाव आहे म्हणून त्यांना कोणी इतिहासाच्या जागी बसवत नाही. आणि मैदानात नावाचा गजर तेवढाच होतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर लेखणी उचलली ती सांगते. ऑक्सफर्डशी पुण्याचं नातं जोडायचंच असेल तर ते जोडणारी माणसं होती. हाडामांसाची, तारखांसकट, कागदपत्रांसकट. त्यांची नावं तुमच्या पुस्तिकांत मला दिसत नाहीत.

कॉर्नेलिया सोराबजी. नाशिकला 1866 साली जन्म, म्हणून मला ती आमच्या गावची लेक वाटते. डेक्कन कॉलेजात शिकली, तेव्हा तिथे शिकणारी पहिली मुलगी. परीक्षेत तिनं जे यश मिळवलं त्यावर तिला इंग्लंडला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती स्त्री आहे म्हणून नाकारली गेली. मग इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी जमवली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हातभार होता. 1889 साली ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाली आणि 1892 साली खास परवानगीनं कायद्याच्या परीक्षेला बसली. ऑक्सफर्डमध्ये अशी परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. पण ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हतं. तो नियम 1920 साली बदलला आणि तिच्या हातात पदवी पडली ती 1922 साली, परीक्षेनंतर तीस वर्षांनी. ही कथा सांगा ना मुलींना! पुण्यानं दार उघडलं, सरकारनं अडवलं, ऑक्सफर्डनं अर्धंच आत घेतलं, आणि तरी ती पोचली. यात तुलनेची गरजच पडत नाही.

दुसरे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. जमखंडीहून येऊन फर्ग्युसन कॉलेजात शिकले, बी.ए. झाले. 1901 ते 1903 ही वर्षं ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. परत आले आणि 1906 साली मुंबईत अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मिशन काढलं. पुढे पुणे हीच त्यांची कर्मभूमी झाली. नाना पेठेतल्या त्यांच्या मिशनच्या अहिल्याश्रमाच्या जवळून तुमच्या बसगाड्या रोज जातात. ऑक्सफर्डहून शिकून आलेल्या माणसानं ती विद्या पुण्यात कुणासाठी वापरली, हे दाखवणारी ती जागा आहे. प्रवेश घेणाऱ्या मुलांना तिथे नेणारा एकही स्वागत कार्यक्रम माझ्या ऐकिवात नाही.

आणि ज्यांचा ऑक्सफर्डशी काहीही संबंध नव्हता, पण ज्यांच्यामुळे पुणे विद्येचं गाव झालं, त्यांचं काय? 1821 साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, ती पेशवे विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा देत तिच्या निधीतून. सुरुवातीला तिथे फक्त ब्राह्मण विद्यार्थी घेत. पुढे तिचंच डेक्कन कॉलेज झालं. त्या पाठशाळेच्या दाराबाहेर ज्यांना ठेवलं होतं त्यांच्यासाठी सावित्रीबाई आणि जोतीराव 1848 साली उभे राहिले. मुलींची शाळा भिडे वाड्यात, विश्रामबागेपासून चालत काही मिनिटांवर. कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढलं. सरकारनं 1934 साली डेक्कन कॉलेज चक्क बंद केलं तेव्हा माजी विद्यार्थी कोर्टात गेले, लढले, आणि 1939 साली ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं. ही सगळी भांडणं, त्याग, चुका, अन्याय आणि त्यांच्यावरची उत्तरं मिळून पुणे बनलं. केशरी चौकटीतल्या त्या एका वाक्यानं हे सगळं झाकलं जातं. मुलाला वाटतं की हे शहर मोठं झालं कारण एका मोठ्या माणसानं ते मोठं आहे असं म्हटलं. ज्या विद्यापीठाला 2014 साली आपण सावित्रीबाईंचं नाव दिलं त्या विद्यापीठाच्या शहरात तरी ओळख करून देताना पहिला मान 1848ला मिळायला हवा.

तेव्हा माझ्या मागण्या. त्या साध्या आहेत आणि त्यांना फारसा खर्च नाही.

एक, पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेतून, संकेतस्थळावरून आणि भाषणांच्या मसुद्यांतून या वाक्याची अवतरणचिन्हं आणि नेहरूंचं नाव काढा, जोपर्यंत तुम्ही तारीख, ठिकाण आणि मूळ नोंद देऊ शकत नाही तोपर्यंत. बिरुद ठेवायचं असेल तर ठेवा. 'असं म्हटलं जातं' असं लिहा, आणि अलाहाबाद व ढाका यांनाही तसंच म्हटलं जातं हे त्याच परिच्छेदात लिहा.

दोन, मूळ शोधा. पुण्यात इतिहासाचे इतके विभाग आहेत. एम.ए.च्या दोन-तीन विद्यार्थ्यांना एका सत्राचा प्रकल्प म्हणून हे काम द्या, त्यांना मानधन द्या. 'केसरी', 'सकाळ', 'ज्ञानप्रकाश' यांच्या फायली, नेहरूंचं छापील वाङ्मय, विद्यापीठाचे जुने वार्षिक अहवाल आणि पदवीदान समारंभांची भाषणं तपासू द्या. छापील स्वरूपात हे बिरुद पुण्यासाठी पहिल्यांदा कधी दिसतं ते त्यांना शोधू द्या. जे सापडेल ते कात्रणाच्या छायाचित्रासह सर्वांसाठी खुलं करा. नेहरूंचं भाषण सापडलं तर मला आनंदच होईल. तारखेसह ते मोठ्या अक्षरांत छापा. काहीच सापडलं नाही तर तेही छापा.

तीन, प्रश्नमंजूषा, प्रवेश परीक्षा आणि अंतर्गत चाचण्यांतून हा प्रश्न काढून टाका. आधार मागणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापू नका.

चार, नव्या विद्यार्थ्यांना देण्याच्या पुस्तिकेत पुण्याच्या शिक्षणाच्या इतिहासाला दोन पानं द्या. त्यांत विश्रामबागेची पाठशाळा आणि तिचं बंद दार, भिडे वाडा, कॉर्नेलिया सोराबजी, विठ्ठल रामजी शिंदे, महाभारताची हस्तलिखितं आणि संस्कृत कोशाच्या चिठ्ठ्या येऊ द्या. ही पानं जाहिरात विभागाकडून लिहून न घेता इतिहासाच्या अध्यापकाकडून लिहून घ्या, आणि खाली त्याचं नाव द्या.

पुढच्या प्रवेशांच्या पुस्तिका छपाईला जायला अजून वेळ आहे. या पत्राची प्रत मी पुण्यातल्या संस्थांना टपालानं पाठवते आहे, सोबत उत्तरासाठी माझा पत्ता लिहिलेलं पाकीट आहे. ज्या संस्था बदल करतील त्यांची नावं, आणि कोणी मूळ नोंद पाठवली तर ती नोंद, मी जाहीरपणे छापेन.

आपली,
इतिहासाची एक निवृत्त प्राध्यापिका,
नाशिक